विशेष शिक्षणातली पीएच.डी. आणि शोधगंगा: काय मिळतं, कुठे अडतं

नाशिकमध्ये राहून विशेष शिक्षणात पीएच.डी. करायची तर आधीचे प्रबंध बघायला जायचं कुठे, हा प्रश्न सुरुवातीलाच समोर येतो. या विषयाचा खरा साठा मुंबईत आहे, म्हणजे श्रवणदोषावर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग. त्यापुढे थेट सिकंदराबादची बौद्धिक अक्षमतेवरची राष्ट्रीय संस्था किंवा म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था. शाळेची नोकरी सांभाळून सकाळची पंचवटी पकडायची, दुपारभर ग्रंथालयात बसायचं आणि रात्री परत यायचं, हे एखाद्या रजेच्या दिवशी जमतं. बाकीच्या दिवसांना हाताशी असते ती शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा. तिचं हे परीक्षण खास विशेष शिक्षणवाल्यांसाठी आहे, कारण रसायनशास्त्रवाल्याला ती जशी दिसते तशी आपल्याला दिसत नाही.

शोधगंगा चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) केंद्र. पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची सक्ती यूजीसीने २००९ साली आणली, आणि पदवी देण्याआधी प्रत इन्फ्लिबनेटकडे गेली पाहिजे हे २०२२च्या नियमावलीतही कायम आहे. आज तिथे ५ लाखांहून जास्त प्रबंध आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत. थोडक्यात मत असं: विषय ठरवायला उत्तम, संशोधन साहित्याच्या आढाव्याला अपुरी, आणि चाचणी किंवा साधन तयार मिळेल या आशेने जाणार असाल तर जाऊच नका.

आधी शोधण्याबद्दल, कारण निम्मे लोक इथेच कंटाळून परत येतात. मुख्य पानावरच्या चौकटीत आपलं लांबलचक शीर्षक टाकलं की ढीगभर नोंदी येतात आणि त्यात शेतीपासून संगणकापर्यंत सगळं असतं. प्रगत शोध घ्या, शोध फक्त शीर्षकात करा आणि दोन-तीन शब्दांचा गट अवतरण चिन्हात टाका. मग विद्यापीठ आणि वर्ष लावून यादी छाटा. तरीही एका शोधात काम भागत नाही. १९९५च्या कायद्यात ‘मेंटल रिटार्डेशन’ होतं, २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ‘इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ आलं आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. प्रबंधांची शीर्षकं त्या त्या काळातली आहेत. त्यामुळे बौद्धिक अक्षमतेवरचं काम हवं असेल तर मेंटली रिटार्डेड, मेंटली चॅलेंज्ड, इंटलेक्च्युअल डिसॅबिलिटी आणि स्पेशल नीड्स असे किमान चार वेगळे शोध करावे लागतात. श्रवणदोषाला हिअरिंग इम्पेअर्ड आणि डेफ दोन्ही. नुसता आजचा शब्द टाकून ‘यावर कामच झालेलं नाही’ असं सारांशात लिहिणारे बरेच असतात, आणि संशोधन समितीत कुणीतरी जुना शब्द टाकून तिथल्या तिथे तीन प्रबंध काढून दाखवतं.

मराठी प्रबंधांची गत आणखी वेगळी. काहींचं शीर्षक देवनागरीत नोंदवलंय, काहींचं रोमन लिपीत, आणि त्यातही स्पेलिंग ज्याचं त्याचं. मतिमंद, गतिमंद, कर्णबधिर, मूकबधिर, अंध, दृष्टिहीन, अध्ययन अक्षम हे शब्द दोन्ही लिप्यांत टाकून बघायचे. नोंदीतला भाषेचा रकाना भरवशाचा नाही. मराठीत लिहिलेल्या प्रबंधापुढे इंग्रजी असं लिहिलेलं आढळतं, म्हणून भाषेची गाळणी लावूच नका.

दुसरा मार्ग विभागवार बघण्याचा. इथे लक्षात ठेवायचं ते असं की विशेष शिक्षण नावाचा विभाग मोजक्याच विद्यापीठांत आहे. एसएनडीटी, कोइम्बतूरचं अविनाशिलिंगम आणि म्हैसूर विद्यापीठाशी जोडलेली वाक्-श्रवण संस्था ही ठळक नावं. बाकी काम शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य आणि गृहविज्ञानातल्या मानवविकास विभागाखाली विखुरलेलं आहे. पालकांवरचा ताण, भावंडं, समुपदेशन असे विषय तर शिक्षणशास्त्रापेक्षा समाजकार्यात जास्त सापडतात. एक चांगला प्रबंध सापडला की त्याच्या नोंदीतल्या मार्गदर्शकाच्या नावावर टिचकी मारा. त्या मार्गदर्शकाचे बाकीचे विद्यार्थी त्याच धाटणीचं काम करत असतात, आणि कीवर्डने हाती न लागलेले प्रबंध तिथे मिळतात.

आता प्रबंध उघडल्यावर. इथे एकसंध पुस्तक मिळत नाही, तुकडे मिळतात. ०१_टायटल, मग सुरुवातीची पानं, अनुक्रमणिका, गोषवारा, एकेक प्रकरण, परिशिष्टं आणि शेवटी ८०_रेकमेंडेशन नावाची फाइल. वाचायचा क्रम उलटा ठेवा. आधी ८० क्रमांकाची फाइल: त्यात निष्कर्ष आणि पुढच्या संशोधनासाठीच्या शिफारशी असतात, दहा-पंधरा मिनिटांत कळतं की पुढे वाचायचं की नाही. मग थेट संशोधन पद्धतीचं प्रकरण. मग परिशिष्ट. प्रस्तावना आणि साहित्याचा आढावा सगळ्यात शेवटी, आणि बऱ्याचदा वाचलाच नाही तरी चालतो. अपंगत्वाचा इतिहास आणि कायद्यांची यादी सगळीकडे जवळपास तीच.

वाचताना एक्सेलची एक शीट उघडी ठेवा. रकाने: वर्ष, विद्यापीठ, अपंगत्वाचा प्रकार आणि तीव्रता, मुलांची संख्या, वय, नमुना कसा निवडला, साधन कोणतं, उपक्रम किती आठवडे आणि आठवड्याला किती तासिका, तुलना गट होता का, कोणती सांख्यिकी, आणि हँडल क्रमांक. हँडल म्हणजे नोंदीच्या वर दिलेला १०६०३ ने सुरू होणारा पत्ता. संदर्भसूचीत तोच द्यायचा, ब्राउझरच्या पट्टीतला लांबडा दुवा नाही. वर्ष लिहिताना प्रबंध पूर्ण झाल्याचं लिहा, शोधगंगेवर चढवल्याचं नाही. दोन्हींत कधी कधी बरीच वर्षं जातात.

ही शीट पन्नासेक ओळींची झाली की एक साचा वारंवार दिसायला लागतो. सौम्य बौद्धिक अक्षमतेची ३० मुलं, १५ प्रायोगिक गटात, १५ नियंत्रित गटात, पूर्वचाचणी, काही आठवड्यांचा उपक्रम, उत्तरचाचणी, टी-मूल्य सार्थ (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही), शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक नाही’ या गृहीतकाचा, त्याग. हा साचा नीट बघा, कारण गाइड तुम्हालाही हाच सुचवण्याची दाट शक्यता आहे. पहिली अडचण संख्येची. मध्यम आकाराचा परिणाम, म्हणजे कोहेनचा डी ०.५ (दोन गटांच्या सरासरीतला फरक प्रमाण विचलनाच्या निम्मा), पकडायला ०.०५ पातळीवर ८० टक्के शक्ती, म्हणजे परिणाम असेल तर तो दिसण्याची तेवढी शक्यता, हवी असेल तर एका गटात ६४ मुलं लागतात. १५-१५ मध्ये हा डी १ च्या पुढे असेल तरच तो भरवशाने दिसतो, आणि वर्गातल्या उपक्रमाने एवढा फरक पडणं दुर्मीळ. मग सगळ्यांनाच सार्थ फरक कसा मिळतो? बहुतेक वेळा उत्तर साधनात असतं: जे शिकवलं त्याचेच प्रश्न चाचणीत, आणि चाचणी घेणाराही उपक्रम घेणाराच. दुसरी अडचण गटाची. एकाच ‘सौम्य’ शिक्क्याखाली डाउन सिंड्रोम, ऑटिझम जोडीला असलेली मुलं आणि कधी शाळेतच न गेलेली मुलं एकत्र. अशा गटाची सरासरी कुणाचंच वर्णन करत नाही.

विशेष शाळेत एका वर्गाला आठ-दहा मुलं असतात, तिथे एकल-प्रयुक्त आराखडा, म्हणजे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच आधीच्या नोंदींशी करणं, जास्त प्रामाणिक ठरतो. तीन मुलं किंवा तीन कौशल्यं घ्यायची, उपक्रम वेगवेगळ्या वेळी सुरू करायचा, आणि प्रत्येक टप्प्यात किमान ५ नोंदी ठेवायच्या. तिन्ही ठिकाणी उपक्रम सुरू झाल्यावरच आलेख वर गेला तर परिणाम उपक्रमाचा, असं म्हणता येतं. शोधगंगेवर अशा आराखड्याचे भारतीय प्रबंध शोधायला लागतात. आहेत, पण तुरळक. हीच खरं तर संधी. समितीत ‘तीनच मुलं?’ हा प्रश्न येणार हे धरून तयारी करून जायची.

साधनांबद्दल सावध राहायला हवं. बासिक-एमआर, एफएसीपी, मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रामिंग सिस्टीम, ऑटिझमसाठी इसा, अध्ययन अक्षमतेसाठी निमहान्सचा संच, मालिनची बुद्धिमापन चाचणी ही चाचण्यांची आणि साधनांची नावं पद्धतीच्या प्रकरणात सतत भेटतात. परिशिष्टात यांच्या झेरॉक्स जोडलेल्या दिसल्या म्हणून त्या वापरायची मुभा मिळत नाही. चाचणी ज्या संस्थेची, तिच्याकडून रीतसर संच घ्यायचा आणि पावती जपून ठेवायची, मौखिकीत (शेवटच्या तोंडी परीक्षेत) विचारतात. संशोधकाने स्वतः बनवलेली साधनं हा आणखी मोठा घोळ. शीर्षकात ‘साधनाची निर्मिती’ असतं, पण परिशिष्टाची फाइलच चढवलेली नसते, किंवा असते ती तिरकी स्कॅन केलेली, कडेचे प्रश्न कापलेले. मराठी रूपांतर असेल तर उलट भाषांतर (मराठीवरून परत मूळ भाषेत) केलं का, किती मुलांवर चाचपलं, विश्वसनीयता कोणत्या गटावर काढली, हे तीन प्रश्न विचारा. सामान्य शाळेतल्या मुलांवर काढलेला अल्फा (विश्वसनीयतेचा आकडा) विशेष शाळेतल्या मुलांना लावलेला दिसला तर ते साधन बाजूला ठेवा.

शोधगंगेची सगळ्यात मोठी त्रुटी विशेष शिक्षणवाल्यांनाच बोचणारी आहे. जुन्या प्रबंधांतले कितीतरी नुसते स्कॅन आहेत, म्हणजे पानांचे फोटो. अंध संशोधकाने एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सुरू करून अशी फाइल उघडली तर त्याला वाचायला तिथे अक्षरच नसतं. दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षणावर लिहिलेला प्रबंध दृष्टिबाधित संशोधकालाच वाचता येऊ नये, यापरती विसंगती नाही. तात्पुरता उपाय म्हणजे फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडणं. तुकडे २ एमबीच्या आत ठेवले तर देवनागरी बऱ्यापैकी ओळखतं. तक्ते मात्र पार विस्कटतात, ते कुणाकडून तरी वाचून घ्यावे लागतात.

दुसरा त्रास जुन्या फाँटचा. श्री-लिपी, कृतिदेव यांत टाइप केलेला मराठी प्रबंध डोळ्याला नीट दिसतो, पण मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. फाइलच्या आत शोध चालत नाही, स्क्रीन रीडर तोच कचरा वाचून दाखवतो, आणि साधर्म्य (दुसऱ्याच्या मजकुराशी जुळणी) तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर कळत नाही. म्हणून कॉलेज रोड असो की शालिमार, जिथे कुठे टायपिंगला द्याल तिथे पहिल्याच दिवशी ‘युनिकोड’ हा शब्द उच्चारा आणि पहिली पाच पानं घरी आणून कॉपी-पेस्ट करून बघा. पूर्ण प्रबंध झाल्यावर फाँट बदलायचा तर जोडाक्षरं आणि रफार तुटतात, आणि दोनशे पानांचं मुद्रितशोधन पुन्हा करावं लागतं. आकडेमोडीसाठी एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर असणारा शोधत फिरायची गरज नाही. जेएएसपी आणि जामोवी फुकट आहेत, आणि आकडे स्वतः काढलेले असले की मौखिकीत बोलायला बळ येतं.

साधर्म्याबद्दल एकदा स्पष्ट करून घ्या. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि कायद्यांचा मजकूर यात धरत नाहीत. शोधगंगेवरचा परिच्छेद शब्द बदलून घेण्याचा मोह सगळ्यात जास्त दुसऱ्या प्रकरणात होतो. आणि गंमत म्हणजे मूळ परिच्छेदही बऱ्याचदा दुसऱ्याच प्रबंधातून आलेला असतो, चुकीच्या वर्षासकट. मूळ शोधनिबंध उघडून बघितल्याशिवाय नाव लिहू नका. त्यासाठी एरिक हा अमेरिकन शिक्षणसाहित्याचा साठा वापरा, तोही मोफत आहे. साहित्याच्या आढाव्याला शोधगंगा अपुरी म्हटलं ते यासाठीच.

शोधगंगेची धाकटी बहीण शोधगंगोत्री. तिथे मंजूर झालेले संशोधन आराखडे असतात, म्हणजे चालू काम. साठा लहान आहे आणि सगळी विद्यापीठं नेमाने भरत नाहीत. तरी विषय पक्का करण्याआधी एकदा बघाच.

प्रवेशाचं थोडक्यात: पदव्युत्तरला ५५ टक्के, राखीव प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५ टक्के सवलत. नेटमध्ये विशेष शिक्षण हा स्वतंत्र विषय नाही, शिक्षणशास्त्राचाच पेपर द्यावा लागतो, मात्र त्यातला दहावा घटक समावेशक शिक्षणाचा आहे. विद्यापीठाच्या पेटमध्ये (पीएच.डी. प्रवेश परीक्षेत) निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं; महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी सवलत. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. चालते, त्यासाठी संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. दूरस्थ पद्धतीने पीएच.डी. नाही, हे गोवर्धनला मुक्त विद्यापीठ असलेल्या गावात मुद्दाम सांगावं लागतं. प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६ आणि सहायककडे ४ च विद्यार्थी असू शकतात, तेव्हा गाइडकडे जागा आहे का हे विषय सांगण्याआधी विचारा.

नाशिक जिल्ह्यासाठी शोधगंगा खरी कामाला येते ती काय झालेलं नाही हे दाखवायला. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मुलाची घरची बोली कोकणा किंवा भिल्ली. त्याची अध्ययन अक्षमतेची तपासणी प्रमाण मराठीत झाली तर वाचनातली चूक अक्षमतेमुळे की भाषेमुळे, हे वेगळं कसं करायचं? मालेगावच्या उर्दू माध्यमातल्या शाळांत मंद गतीने वाचणाऱ्या मुलांना ओळखायचं कोणत्या साधनाने? द्राक्षाच्या आणि कांद्याच्या हंगामात पालकांबरोबर फिरणाऱ्या दिव्यांग मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याचं काय होतं? जिल्ह्याचं, बोलीचं नाव टाकून शोध करा आणि निकाल किती थोडे येतात ते बघा. पण असा विषय घ्यायचा तर परवानग्यांचा हिशेब आधी मांडा. सर्वसाधारण शाळेतली मुलं हवी असतील तर शिक्षण विभाग आणि गटसाधन केंद्र. विशेष शाळा मात्र दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात, तिथे शिक्षणाधिकाऱ्याचं पत्र चालत नाही. आश्रमशाळा असेल तर आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालय. तिन्ही प्रकारच्या शाळा नमुन्यात घेतल्या तर तीन दारं, आणि प्रत्येकाला विद्यापीठाचं पत्र वेगळं.

संमतीपत्रांच्या बाबतीत शोधगंगेवरचे बहुतेक नमुने उचलण्याजोगे नाहीत. ‘माझी हरकत नाही’ अशी एक ओळ आणि खाली मुख्याध्यापकाचा शिक्का. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं घ्या: पालकांची लेखी संमती, ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी अनुमती, १२ ते १८ ची लेखी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी साध्या मराठीत, चित्रांसह दुसरा कागद बनवा आणि तो परिशिष्टात लावा.

शेवटची गोष्ट तुमचा स्वतःचा प्रबंध वर जाईल तेव्हाची. शोधगंगेवरच्या परिशिष्टांत मुलांची पूर्ण नावं, शाळेचं नाव, बुद्ध्यंक आणि चेहरे दिसणारे उपक्रमाचे फोटो सर्रास सापडतात. छापील प्रत कपाटात राहायची तेव्हा ते खपून जायचं. आता ते कुणालाही शोधून सापडतं, आणि ते मूल पुढे नोकरीला लागेल तेव्हाही सापडणार आहे. ग्रंथालयात फाइल देण्याआधी नावांच्या जागी संकेतांक घाला, फोटो काढून टाका किंवा चेहरे झाका, शाळेच्या पत्रावरची मुलांची यादी वगळा. झाकायला पीडीएफवर काळी पट्टी ओढून भागत नाही, खालचा मजकूर कॉपी होतो. मूळ वर्ड फाइलमध्येच बदल करा, नवी पीडीएफ काढा, आणि एका मुलाचं नाव त्यात शोधून बघा.